चाकांवरचें न्हाणीघर

घरीं तोटी फिरविली कीं पाणी येतें, आणि बंबांत चार ढलप्या पेटविल्या कीं तें ऊन होतें. यामुळें स्नानास पाणी किती लागतें, त्याचें वजन किती, व तें तापविण्यास उष्णता किती खर्चीं पडते, हे प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहींत. परंतु जें कुटुंब आपलें घरच मोटारीच्या मागें जोडून प्रवासास निघतें, त्यास या प्रश्नांचीं उत्तरें निघण्यापूर्वींच काढून ठेवावीं लागतात. मोटारीमागें जोडावयाच्या अशा राहण्याच्या गाडीस ट्रेलर म्हणतात. तींत पाण्याचा सांठा व ऊन पाण्याची सोय कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. शाळेंत शिकलेलें त्रैराशिक व पदार्थविज्ञान यांचा याहून सोपा पडताळा क्वचितच मिळेल.

अशा गाड्यांचा इतिहास फार जुना नाहीं. इंग्लंडांत डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनीं १८८५ सालीं ‘वाँडरर’ नांवाची, घोड्यांनीं ओढावयाची गाडी मुद्दाम बांधवून घेतली व तींत राहून हौसेनें प्रवास केला. पुढें मोटारी आल्या. आणि अमेरिकेंत १९३६ सालीं निघालेल्या ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ या ट्रेलरांत चौघांच्या निजण्याची सोय, विजेचे दिवे व स्वतःचा पाण्याचा सांठा हीं सर्व होतीं.

उदाहरणादाखल आपण ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगतचें नलारबोर मैदान घेऊं. या नांवाचा लॅटिन भाषेंतील अर्थच ‘एकही झाड नाहीं’ असा आहे. येथील भूमि चुनखडीची असल्यामुळें पावसाचें पाणी भेगांतून खालीं जातें व पृष्ठभागावर नद्या वाहत नाहींत. १८४१ सालीं एडवर्ड जॉन आयर व त्याचा तद्देशीय सोबती वायली यांनीं हा प्रदेश ओलांडला. तेव्हां तेथील मूळ रहिवाशांनीं दाखविलेल्या, वाळूच्या टेकड्यांतील पाणवठ्यांवर त्यांचा जीव तगला. आज सेडूना व नॉर्समन या गांवांमध्यें सुमारें १,२०० किलोमीटरचा पक्का रस्ता असून त्यास आयरचेंच नांव आहे. वाटेंत पेट्रोल मिळतें. परंतु गोडें पाणी दुर्मिळ असल्यानें शहाणा प्रवासी आपलें पाणी आपल्याबरोबर नेतो.

चौघांचें कुटुंब व तीन दिवसांचा प्रवास धरूं. उष्ण व कोरड्या हवेंत पिण्यास व स्वयंपाकास माणशीं रोज ५ लिटर पाणी धरावें. तें ६० लिटर झालें. स्नानास माणशीं ६ लिटर, म्हणजे रोजचें २४ व तीन दिवसांचें ७२ लिटर. भांडीं व हातपाय धुण्यास रोज ८, म्हणजे २४ लिटर. गाडी वाटेंत मोडली तर हाताशीं असावें म्हणून पिण्याचें आणखी २० लिटर. एकंदर बेरीज १७६ लिटर. एक लिटर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम. तेव्हां आपण १७६ किलोग्रॅम, म्हणजे दोनतीन प्रौढ माणसांइतका भार गाडींत घालीत आहों. गाडीच्या कारखानदारानें नेमून दिलेल्या भारांत तो बसतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. बसत नसेल तर इतर सामान कमी करावें. पिण्याचें पाणी कमी करूं नये.

हा सांठा एकाच भांड्यांत कधींही ठेवूं नये. पिण्याचें ८० लिटर पाणी वीस-वीस लिटरच्या चार डब्यांत, व वापरण्याचें १०० लिटरच्या टाकींत भरावें. एक भांडें गळलें किंवा नासलें, तरी दुसरें शाबूत राहतें. पिण्याच्या पाण्याची नळीही निराळी असावी.

टाकी कोठें बसवावी, हा पुढचा प्रश्न. जड वस्तु गाडीच्या मागच्या टोकास ठेवली तर वेगांत ट्रेलर शेपटीप्रमाणें डावीउजवीकडे हेलकावूं लागतो, आणि तो हेलकावा पुढील मोटारीसही रस्त्याबाहेर ओढूं शकतो. म्हणून टाकी चाकांच्या आंसावर, किंवा त्याच्या किंचित् पुढें, व होईल तितकी खालीं असावी. आंसावर असल्यास ती रिकामी होत गेली तरी तोल फारसा बदलत नाहीं. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षां एका बाबतींत अधिक त्रासदायक होय. कारण तिच्यांतील पाणी ब्रेक लावतांच पुढें व वळणावर बाजूस धांव घेतें. हें टाळण्यासाठीं टाकींत भोंकें असलेले आडवे पडदे घालतात.

टाकी अन्नपाण्यास योग्य अशा प्लास्टिकची किंवा न गंजणाऱ्या पोलादाची असावी. ती पारदर्शक नसावी, कारण उजेडांत पाण्यास शेवाळ धरतें. तिला वरून भरण्याचें तोंड, अगदीं तळाशीं रिकामें करण्याचें बूच, व हवा येण्याजाण्यास एक बारीक नळी अवश्य पाहिजे. शेवटच्या नळीचें महत्त्व पुष्कळांस वाटत नाहीं. परंतु पाणी बाहेर पडावयाचें तर त्याची जागा घेण्यास हवा आंत आली पाहिजे. ती न आल्यास धार तुटक होते व पातळ टाकी आंत चेपते. टाकी गाडीच्या पोटाखालीं असल्यास दगडांचा मार लागूं नये म्हणून खालीं जाड पत्रा ठोकावा.

टाकी खालीं व स्नान करणाराचें डोकें वर. तेव्हां पाणी चढविलें पाहिजे. पाण्याच्या दहा मीटर उंचीनें सुमारें एका वातावरणाइतका दाब मिळतो. म्हणजे एक मीटर उंचीवर ठेवलेल्या बादलीनें त्याचा एक दशांशच दाब मिळेल. रुंद भोंकांच्या झारीस तेवढा पुरतो, बारीक भोंकांच्या झारीस पुरत नाहीं. म्हणून बहुतेक लोक बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टांचा लहान पंप लावतात. मिनिटास ४ लिटर पाणी धरलें तर २४ लिटर पाणी चढविण्यास ६ मिनिटें लागतात. पंप ५ अँपिअर वीज घेत असेल तर एकंदर खर्च अवघा अर्धा अँपिअर-तास झाला.

आतां हेंच पाणी त्याच बॅटरीनें तापवावयाचें ठरवूं. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअस तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. २४ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास ४८० किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागेल. १२ व्होल्टांच्या बॅटरींतून ती घ्यावयाची तर सुमारें ४६ अँपिअर-तास खर्च होतात! पाणी चढविण्याच्या नव्वदपटीहून अधिक हा खर्च आहे. शिशाची साधी बॅटरी १०० अँपिअर-तासांची असली तरी तिच्यांतून निम्म्याहून अधिक वीज काढणें तिच्या आयुष्यास हितकर नाहीं. म्हणजे एका दिवसाच्या स्नानांतच दिवे व पंप यांची शिदोरी संपली. पाणी हलविणें स्वस्त व तापविणें महाग, हा या हिशेबाचा निष्कर्ष होय.

ही उष्णता सूर्यापासून फुकट मिळूं शकते. स्वच्छ आकाशांत भर दुपारीं एक चौरस मीटर जागेवर सुमारें १,००० वॉट शक्तीचें ऊन पडतें. १० सेंटिमीटर व्यासाची व २ मीटर लांबीची काळी नळी गाडीच्या छपरावर बसविली तर तींत १५ लिटरांहून थोडें अधिक पाणी मावतें. तिच्यावर पडणाऱ्या उन्हापैकीं निम्मी उष्णता जरी पाण्यास लागली, तरी साडेतीन-चार तासांत तें वीस अंशांनीं तापतें. परंतु सायंकाळीं वारा सुटला कीं तें तितक्याच लवकर निवतें. ही अडचण जुनीच आहे. १८९१ सालीं बाल्टिमोर येथील क्लॅरन्स केंप यांनीं काळ्या टाक्या कांच बसविलेल्या पेटींत ठेवून उष्णता कोंडण्याची युक्ति काढली. आणि १९०९ सालीं कॅलिफोर्नियांत विल्यम बेली यांनीं तापविण्याच्या नळ्या व सांठविण्याची वेष्टित टाकी हीं वेगळीं करून रात्रींही ऊन पाणी मिळविलें.

ढगाळ दिवशीं मात्र विस्तवावांचून गत्यंतर नाहीं. आपल्या बंबाच्या मधोमध विस्तवाची नळी असते व तिच्या भोंवतीं पाणी असतें. वरून थंड पाणी ओतलें कीं तोटीनें ऊन पाणी बाहेर येतें. ट्रेलरावरील गॅसच्या यंत्रांत ज्योतीभोंवतीं तांब्याच्या नळीचें वेटोळें असतें व त्यांतून जातां जातां पाणी तापतें, तत्त्व एकच. वरील २४ लिटरांस, वायां जाणारी उष्णता धरूनही, सुमारें ६० ग्रॅम गॅस पुरतो. सर्व पाणी तापविण्याचीही गरज नाहीं. ६० अंशांचें १२ लिटर व २० अंशांचें १२ लिटर मिळून ४० अंशांचें २४ लिटर होतें. मिसळतांना मात्र बादलींत आधीं थंड व मग ऊन पाणी घालावें. ६० अंशांच्या पाण्यानें लहान मुलाची कातडी क्षणांत भाजते.

येथें तीन धोके सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. पहिला, कोंडलेल्या वाफेचा. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती सुमारें सोळाशेंपट जागा मागते. बंबास वरून मोकळें तोंड असतें म्हणून तो फुटत नाहीं. परंतु सर्व बाजूंनीं बंद केलेलें भांडें, सुरक्षा-झडप नसतां, कधींही विस्तवावर ठेवूं नये.

दुसरा धोका जंतूंचा. १९७६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं एका मेळाव्यास जमलेल्या लोकांत फुप्फुसांच्या दाहाची सांथ झाली. तिला कारण झालेल्या जंतूंस पुढें लीजनेला हें नांव मिळालें. हे जंतु सुमारें २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यांत वाढतात, व झारीच्या तुषारांबरोबर श्वासांत शिरतात. म्हणून छपरावरच्या नळींतील पाणी दिवसेंदिवस तसेंच ठेवूं नये. प्रवास संपतांच टाकी, नळ्या व झारी रिकाम्या करून वाळवाव्यात. पुन्हां भरण्यापूर्वीं क्लोरीनच्या सौम्य द्रावणानें धुवून चांगल्या पाण्यानें विसळाव्यात.

तिसरा धोका सर्वांत भयंकर, कारण तो दिसत नाहीं. गॅस जळतांना हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं; आणि रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक घट्टपणें चिकटतो. डोकें दुखूं लागतें, घेरी येते, मळमळतें, आणि काय होत आहे हें कळण्यापूर्वींच मनुष्य निश्चेष्ट पडतो. म्हणून असें यंत्र गाडीच्या बाहेर, मोकळ्या हवेंतच लावावें. तंबूंत किंवा गाडीच्या आंत, थंडीपावसाची सबब सांगूनही, लावूं नये. ही सूचना केवळ प्रवाशांस नाहीं. आपल्या देशांत बंद न्हाणीघरांतील गॅसच्या गीझरानें माणसें दगावलीं आहेत. ज्यांच्या घरीं असा गीझर आहे त्या पालकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं तो न्हाणीघराबाहेर बसवून घ्यावा, आणि हें होईपर्यंत त्याचा वापर बंद ठेवावा.

सहा लिटरांत स्नान होतें काय, अशी शंका कोणी घेईल. अर्धें मिनिट अंग भिजवावें, तोटी बंद करून साबण लावावा, व मग एक मिनिटभर अंग धुवावें. दीड मिनिटांत ६ लिटरच पडतात. नळींतून प्रथम येणारें थंड पाणी बादलींत धरून भांड्यांस वापरावें. साबणाचें पाणी झऱ्यांत किंवा नदींत सोडूं नये. तें काठापासून निदान ६० मीटर दूर जमिनींत जिरवावें.

विद्यार्थ्यांनीं सुटींत एक प्रयोग करून पाहावा. सारख्या आकाराचे दोन डबे घ्यावे. एक बाहेरून काळा व एक पांढरा रंगवावा. दोहोंत एक एक लिटर पाणी घालून ते उन्हांत ठेवावे व दर अर्ध्या तासानें उष्णतामान टिपून घ्यावें. काळ्या डब्यांतील पाणी जितके अंश चढेल तितक्या किलोकॅलरी सूर्यानें आपणांस दिल्या असें समजावें. त्याच दिवशीं आपल्या घरीं एका स्नानास किती लिटर पाणी लागतें तेंही मोजावें, आणि तेवढें पाणी तापविण्यास असे किती डबे लागतील याचा हिशेब घरच्या मंडळींस करून दाखवावा.