स्टिअरिंग जड झाले? आधी तपासणी, मग पॉवर स्टिअरिंग

ट्रॅक्टरचे स्टिअरिंग जड झाले म्हणून लगेच पॉवर स्टिअरिंगचा खर्च करू नका. प्रथम पुढच्या टायरमधील हवा तपासा व सांध्यांना ग्रीस द्या. फरक न पडल्यास इंजिन बंद करून मागच्या चाकांना ठोकळे लावा आणि पुढचा आस जॅकने उचला. तरीही स्टिअरिंग जड फिरले, तर दोष बहुधा किंगपिन किंवा स्टिअरिंग बॉक्समध्ये असतो. हलके फिरले, तर टायर व पुढचे वजन पाहावे.

चाके जमिनीवर टेकवून सोबत्याला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा. टाय रॉडचे सांधे खुळखुळल्यास ते आधी बदला. पॉवर स्टिअरिंग श्रम वाचविते, झीज भरून काढीत नाही. उलट ढिलेपणा हाताला जाणवत नाही आणि उसाची भरलेली ट्रॉली ओढताना तोच जीवावर बेततो. फ्रंट लोडर किंवा नेहमीची चिखलणी असल्यास आपल्या मॉडेलसाठीचाच संच जाणकाराकडून बसवून घ्यावा.