कोथिंबीर व धने : त्यांतील पोषक द्रव्यांचा ताळेबंद

कोथिंबिरीवांचून आपल्याकडील स्वयंपाक पुरा होत नाहीं. आमटी, पिठलें, पोहे, भरलीं वांगीं, कशावरहि तिची चिमूट पडल्याखेरीज गृहिणीचें समाधान होत नाहीं. आणि धन्यांवांचून तर मसाल्याचा डबाच मांडतां येत नाहीं. परंतु इतक्या नित्याच्या वस्तूंत आपल्या शरीराच्या उपयोगाचें काय आहे व किती आहे, याचा नेमका हिशेब फारच थोड्या घरांत माहीत असतो. उलट "कोथिंबिरीनें रक्त वाढतें", "धन्यांत चुना भरपूर, हाडें बळकट होतात" अशीं वाक्यें मात्र सर्वत्र ऐकूं येतात. हीं वाक्यें अगदींच खोटीं नाहींत, पण तीं अपुरीं आहेत; आणि अपुऱ्या वाक्यावर विसंबून एखादी अशक्त बाई औषध टाळील तर तें खोट्याइतकेंच घातक ठरेल. म्हणून या लेखांत कोथिंबीर व धने यांतील द्रव्यांचा जमाखर्च मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम वनस्पतीविषयीं दोन शब्द. कोथिंबीर व धने हीं एकाच झाडाचीं दोन उत्पन्नें होत. शास्त्रज्ञ या झाडास कोरिअँड्रम सटायव्हम असें म्हणतात. जिरें, ओवा, बडीशेप व गाजर हीं त्याचीं भावंडें. पेरणीपासून सुमारें ३५ ते ४५ दिवसांत कोवळा पाला काढला तर ती कोथिंबीर. तेंच झाड फुलूं देऊन दाणा पिकविला तर ते धने. महाराष्ट्रांत हें पीक मुख्यत्वें पाल्यासाठीं घेतात. धन्यांचें मोठें उत्पन्न राजस्थान, मध्यप्रदेश व गुजरात या प्रांतांत होतें.

आतां आंकडे पाहूं. अमेरिकेच्या कृषि खात्यानें प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांवरून, खाण्याजोग्या १०० ग्रॅम वस्तूंत पुढील द्रव्यें सांपडतात. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग, हें ध्यानांत ठेवावें.

पाणी : ताज्या पाल्यांत ९२.२ ग्रॅम, धन्यांत ८.९ ग्रॅम.
प्रथिनें : पाल्यांत २.१ ग्रॅम, धन्यांत १२.४ ग्रॅम.
स्निग्धांश : पाल्यांत ०.५ ग्रॅम, धन्यांत १७.८ ग्रॅम.
तंतुमय भाग : पाल्यांत २.८ ग्रॅम, धन्यांत ४१.९ ग्रॅम.
कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश : पाल्यांत ६७ मिलिग्रॅम, धन्यांत ७०९ मिलिग्रॅम.
लोह : पाल्यांत १.८ मिलिग्रॅम, धन्यांत १६.३ मिलिग्रॅम.
मॅग्नेशियम : पाल्यांत २६ मिलिग्रॅम, धन्यांत ३३० मिलिग्रॅम.
स्फुरद : पाल्यांत ४८ मिलिग्रॅम, धन्यांत ४०९ मिलिग्रॅम.
पोटॅशियम : पाल्यांत ५२१ मिलिग्रॅम, धन्यांत १,२६७ मिलिग्रॅम.

हें कोष्टक वरवर पाहणारास वाटेल कीं, धने श्रीमंत व पाला दरिद्री. पण यांत पाण्याची मेख आहे. शंभर ग्रॅम पाल्यांत कोरडें द्रव्य आठ ग्रॅमसुद्धां भरत नाहीं. धन्यांत तें ९१ ग्रॅम आहे. दोहोंतील पाणी वजा करून केवळ कोरड्या द्रव्याची तुलना केली, तर दर १०० ग्रॅमला पाल्यांत कॅल्शियम सुमारें ८६० मिलिग्रॅम येतें व धन्यांत सुमारें ७८० मिलिग्रॅम. लोह पाल्यांत सुमारें २३ व धन्यांत सुमारें १८ मिलिग्रॅम. म्हणजे झाडानें जमिनींतून उचललेलीं खनिजें पाल्यांत कमी नाहींत. तीं पाण्यांत विखुरलेलीं आहेत इतकेंच. ज्यानें ओला व वाळलेला कडबा तोलून पाहिला आहे, त्या शेतकऱ्यास ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

सर्व कोष्टकें एकाच आंकड्यावर येत नाहींत, हेंहि येथेंच सांगणें इष्ट आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९८९ सालच्या सुधारलेल्या कोष्टकांत आपल्याकडील पाल्याचें कॅल्शियम १८४ मिलिग्रॅम व 'क' जीवनसत्त्व १३५ मिलिग्रॅम दिलें आहे. अमेरिकेच्या कोष्टकांत 'क' जीवनसत्त्व अवघें २७ आहे. जात, जमीन, खत, पाल्याचें वय आणि काढणीनंतर लोटलेले तास यांवर हे आंकडे हलतात. म्हणून कोष्टकांतील आंकडा हा अंदाज समजावा. ती मोजणीची खूण नव्हे.

सर्वांत बोधप्रद इतिहास लोहाच्या आंकड्याचा आहे. त्याच संस्थेच्या जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम कोथिंबिरींत लोह १८ मिलिग्रॅमहून अधिक दाखविलें होतें. १९८९ च्या आवृत्तींत तें १.४२ मिलिग्रॅम झालें. एवढा मोठा फरक पडूनहि "कोथिंबीर म्हणजे लोहाची खाण" ही समजूत मात्र जुन्या आंकड्यावरच चालत राहिली. पालेभाजीच्या बाबतींत हा धोका नेहमींचा आहे. आपल्या मातींत लोह विपुल असतें. पानाच्या सुरकुत्यांत राहिलेली माती पृथक्करणांत गेली, तर तिचें लोह पानाच्या खात्यांत जमा होतें, आणि मातींतलें तें लोह शरीराच्या फारसें उपयोगीं पडत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. तेथें पहिला धडा हा कीं, दर एकरीं आकार किती एवढ्यावरून खातेदाराची रक्कम ठरत नाहीं. त्यास क्षेत्रानें गुणावें लागतें. आकार भारी पण क्षेत्र चार गुंठे, तर वसूल थोडाच. अन्नाचेंहि तसेंच आहे. दर शंभर ग्रॅमचा आंकडा हा आकार झाला. ताटांत पडतें तें क्षेत्र. हीं दोन्हीं गुणल्यावांचून पोषणाची जमाबंदी पुरी होत नाहीं.

पांच माणसांचें कुटुंब घ्या. एका दिवसांत निवडलेला १०० ग्रॅम पाला चटणी, कोशिंबीर व भाजी यांत गेला, तर दर माणशीं २० ग्रॅम आला. धन्यांची पूड दर माणशीं दोन ग्रॅम धरूं. वरील कोष्टकावरून पाल्यांतून लोह सुमारें ०.३५ मिलिग्रॅम व धन्यांतून सुमारें ०.३३ मिलिग्रॅम मिळतें, एकूण ०.६८. प्रौढ स्त्रीस रोज २९ मिलिग्रॅम लोह आहारांत असावें, असें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलें आहे. म्हणजे दोन्हीं मिळून गरजेचा सुमारें चाळिसावा हिस्सा भागला. कॅल्शियमचें पाहावें तर धन्यांतून १४ व पाल्यांतून १३ ते ३७ मिलिग्रॅम. गरज १,००० मिलिग्रॅमची. हाडांचा भार या दोहोंवर टाकणें म्हणजे पावलीवर सावकाराचें मुद्दल फेडूं पाहणें होय.

याच्या शेजारीं बाजरी ठेवून पाहावी. बाजरींत दर १०० ग्रॅमला सुमारें सहा ते आठ मिलिग्रॅम लोह असतें. आकार धन्यांच्या निम्म्याहून कमी. पण दिवसांत दीडशें ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या सहज खाल्ल्या जातात व नऊ ते बारा मिलिग्रॅम लोह ताटांत येतें. क्षेत्राचा महिमा तो हा.

मग कोथिंबीर निरुपयोगी ठरली काय? मुळींच नाहीं. तिचें खरें उत्पन्न दुसऱ्या खात्यांत आहे. पहिलें 'के' जीवनसत्त्व. जखमेचें रक्त गोठण्यास तें लागतें. शंभर ग्रॅम पाल्यांत तें ३१० मायक्रोग्रॅम, म्हणजे आपल्या २० ग्रॅममध्यें ६२ मायक्रोग्रॅम येतें. प्रौढ स्त्रीची गरज अमेरिकन मानानें ९० मायक्रोग्रॅमची. येथें मात्र ती चिमूट नाहीं, मोठी वांटेकरीण आहे. दुसरें कॅरोटीन. यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करितें व तें दृष्टीस आवश्यक आहे. २० ग्रॅम पाल्यानें दिवसाच्या गरजेचा सुमारें बारावा हिस्सा भागतो. तिसरें 'क' जीवनसत्त्व. तें २० ग्रॅममध्यें ५ ते २७ मिलिग्रॅम मिळतें, आणि स्त्रीची रोजची गरज ६५ ची आहे.

या तिसऱ्या द्रव्यामुळेंच कोथिंबिरीचा लोहाशीं खरा संबंध येतो. धान्यांतील व कडधान्यांतील लोह शरीरांत सहजासहजीं शोषलें जात नाहीं. त्याच जेवणांत 'क' जीवनसत्त्व असेल तर तें अधिक शोषलें जातें. म्हणजे कोथिंबीर स्वतः लोहाचा धनको नव्हे, तर भाकरींतील व उसळींतील लोहाची वसुली करून देणारी कारकून आहे. त्यासाठीं ती कच्ची, ताजी व जेवणाबरोबरच असली पाहिजे, आणि वर लिंबू पिळल्यास काम अधिक चोख होतें. उलट जेवतांना किंवा जेवणानंतर लागलाच चहा घेतल्यास ही वसुली बुडते.

२०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींस रक्तक्षय असल्याचें आढळलें. ज्या घरांत अशी सून किंवा लेक आहे, तेथें कोथिंबिरीच्या जुडीनें भागणार नाहीं. तिला डॉक्टरांस दाखवून लोहाच्या गोळ्या द्याव्या. भाकरी, उसळ व चटणी हीं त्या गोळ्यांच्या जोडीला असावीं, त्यांच्या जागीं नव्हेत.

स्वयंपाकघरांत पुढील गोष्टी पाळाव्या. 'क' जीवनसत्त्व उष्णतेनें व चिरून ठेवल्यानें नष्ट होतें. म्हणून कोथिंबीर आयत्या वेळीं चिरावी व भांडें चुलीवरून उतरल्यावर घालावी. आधीं धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास सत्त्व पाण्याबरोबर जातें. कोवळ्या काड्या टाकूं नयेत, त्या वाटणांत घालाव्या. कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबर अंगीं लागतें. शेंगदाणे किंवा ओलें खोबरें घालून केलेली चटणी या दृष्टीनें उत्तम. वाळविलेल्या पाल्यांत खनिजें राहतात, पण 'क' जीवनसत्त्वाचा व सुगंधाचा मोठा भाग उडून जातो. ज्यांस रक्त पातळ ठेवण्यासाठीं वारफॅरिन हें औषध चालू आहे, त्यांनीं पालेभाजीचें प्रमाण एकाएकीं वाढवूं किंवा तोडूं नये. 'के' जीवनसत्त्वामुळें औषधाचा परिणाम बदलतो.

धन्यांचें मोल त्यांतील सुगंधी तेलांत आहे. त्या तेलाचा मुख्य घटक लिनॅलूल होय. आपल्याकडील मोठ्या दाण्याच्या जातींत तेल थोडें, तर रशियाकडील बारीक दाण्याच्या जातींत अधिक असतें. दळून ठेवल्यास तें उडून जातें. म्हणून अख्खे धने आणून लागतील तसे कुटावे. विकतच्या पुडींत लांकडाचा भुसा मिसळल्याचा संशय आल्यास ती पाण्यावर भुरभुरावी; भुसा वर तरंगतो.

शेवटीं पिकविणारासाठीं. ही भाजी बहुधा कच्ची खाल्ली जाते. म्हणून गटाराचें किंवा कारखान्याचें पाणी तिला कदापि देऊं नये. त्यांतील रोगजंतु व जड धातु खाणाराच्या पोटांत जातात. औषध फवारल्यावर त्यावर सांगितलेली मुदत संपल्यावांचून काढणी करूं नये. धना हें फळ असून त्यांत दोन बिया असतात. म्हणून पेरण्यापूर्वीं तो रगडून दोन फाळ्या कराव्या व सुमारें १२ तास भिजवावा. बियाणें म्हणून औषध चोळलेले धने मात्र कधींहि स्वयंपाकांत घेऊं नयेत. कडक उन्हाळ्यांत झाड लवकर फुलावर येतें व पाला थोडा मिळतो. काढणी सकाळीं लवकर किंवा सायंकाळीं करावी, जुड्या सावलींत ओल्या पोत्याखालीं ठेवाव्या आणि त्याच दिवशीं बाजारीं पोंचवाव्या. कारण पाला कोमेजूं लागला कीं वजनाबरोबर 'क' जीवनसत्त्वहि घटूं लागतें, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतें तें हिरव्या रंगाचे नव्हे, ताजेपणाचे.

परसांत पाणी टाकण्याच्या जागेजवळ हातभर वाफा असला व दर पंधरवड्यास मूठभर धने पेरीत गेलें, तर घरास ताजी कोथिंबीर जवळजवळ बारमास मिळते. ती रोज खावी, ताजी खावी, आणि तिच्याकडून जें मिळण्यासारखें आहे तेंच मागावें, इतकें सांगून हा लेख पुरा करितों.