आकडा सांग, पण कितीपैकी?

आविष्कार संशोधन स्पर्धा जवळ आली की घरोघरी एकच तक्रार असते: पोरगं अभ्यास सोडून पोस्टर करत बसलंय, यातनं नोकरी लागणार का? वडवणीतल्या आईबापांना माझं सांगणं आहे, करू द्या. फक्त ते पोस्टर रंगवतंय की आकडा मांडायला शिकतंय, एवढं बघा.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी केली. १३,८६१ महिलांच्या शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. नुसता हा आकडा पोस्टरवर टाकला, तर वाचणारा हळहळतो आणि पुढच्या पोस्टरकडे जातो. शेजारी पाहणीतल्या एकूण महिला लिहा, ८२,३०९. म्हणजे साधारण सहाजणींत एक. आता सहा बायांची आकृती काढा, एकच रंगवा. परीक्षक थांबतो.

पण इथंच जपायला हवं. हे ऊसतोडीमुळेच झालं, असं एवढ्या आकड्यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी त्याच गावांतल्या, त्याच वयाच्या, तोडीला न जाणाऱ्या बायांचा रकाना शेजारी लागतो. तो नसेल तर निष्कर्षही तेवढाच आखडता ठेवायचा. हा प्रामाणिकपणा मला सुबक रंगांपेक्षा मोलाचा वाटतो.

बाकीचे नियम सोपे आहेत. तक्त्याचं शीर्षक वर, आकृतीचं खाली, एकक लिहायचंच, स्तंभालेख शून्यापासून सुरू करायचा. ए-झिरो पोस्टर ८४ बाय ११९ सेंटिमीटरचं असतं. छापण्याआधी ए-फोर कागदावर प्रिंट काढा. हातात धरून वाचता आलं नाही, तर मजकूर कापा.

राहिला नोकरीचा प्रश्न. आरोग्य सर्वेक्षणं, कृषी संशोधन, बँका, राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय, सगळीकडे हेच काम चालतं. एका पोस्टरवर कुणी नेमणूक देत नाही, हे खरं. पण मुलाखतीत स्वतः गोळा केलेली माहिती उलगडून सांगणारा मुलगा वेगळा दिसतो.

आज जेवणं झाल्यावर लेकराला तो ए-फोर कागद तुमच्यासमोर धरायला सांगा. कळलं नाही तर ‘आम्ही काही शिकलेले नाही’ म्हणून उठू नका. तक्ता पुन्हा करायला लावा.