कंबरदुखी : नुसता दाब नव्हे, दाहसुद्धा



लागण, भरणी, तोड, कोणतंही काम घ्या, वाकणं चुकत नाही. खताचं पोतं उचलताना कमरेत कळ निघते, मांडीमागून पायात उतरते. मग गटात फिरताना आम्हांस ऐकू येतं, "गादी सरकली, शीर दबली." आम्ही शेतीखात्यातले, डॉक्टर नव्हे, पण हे निदान अर्धंच आहे, एवढं सांगणं जरूर वाटतं.

दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गर असतो. कडं फाटून गर बाहेर आला की पायात कळ येते, हे १९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर व बार या शल्यविशारदांनी दाखविले. पुढे बरीच वर्षे सारा दोष दाबालाच दिला गेला. १९९३ साली स्वीडनमधील संशोधकांनी डुकरांच्या मज्जातंतूंवर हा गर नुसता ठेवला, दाब दिला नाही. तरीही शिरेचे काम मंदावले!

पाटाचा बांध उसावर कोसळत नाही, नुसता पाझरतो. तरी खालचं रान चिबडतं. तसंच इथं. गर पाझरला की पांढऱ्या पेशी त्याला परका समजून धावून येतात. दाहकारक द्रव्ये सुटतात, शीर सुजते, हुळहुळी होते. म्हणूनच एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते, पण दुखणं काहीच नाही, अशीही माणसं असतात.

याच पेशी पुढे तो गर हळूहळू खाऊन टाकतात. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. तोवर एवढे पाळावे :

१) अंथरूण धरून बसू नये. एक-दोन दिवस विसावा, मग सोसेल तेवढं चालावं.

२) पायाळू माणसाची लाथ, जोराचं रगडणं टाळावं.

३) सुजेची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. मनाने महिनोन्‌महिने खाल्ल्यास जठर व मूत्रपिंडास धोका असतो.

४) ओझं गुडघ्यात वाकून, अंगाजवळ धरून उचलावं. पोत्याला दोघं लागावेत.

मात्र लघवी अडली वा आवरेना, जांघेत बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठावे. तोड आली आहे म्हणून थांबू नये. तोड चार दिवस पुढे ढकलता येते. उशिरानं पाऊल मात्र कायमचं अधू होऊ शकतं.

— ऊस विकास अधिकारी