डिजिटल फितीची प्रत आणि तिची पारख

वारली लग्नात चौक लिहिला जात असता धवलेरी जी गाणी म्हणते, ती तिच्या कंठात असतात, पोथीत नव्हेत. तारप्याच्या चालींचेही तसेच. डहाणू वा तलासरी तालुक्यात कोणी हे सारे मिनी डीव्ही कॅसेटवर टिपून ठेवले असेल, तर ती कॅसेट दप्तरातील मूळ दस्तऐवजाइतकीच जपली पाहिजे. ही कॅसेट १९९५ साली आली आणि आता वापरातून जवळजवळ गेली आहे. शाळेच्या वा पंचायतीच्या कपाटात अशा कॅसेट असल्यास कोणती आधी उतरवून घ्यावी, हे ठरविण्यासाठी फितीची पारख हवी.

महाग फितीवर चित्र अधिक सुरेख येते, हा समज येथे लागू पडत नाही. डिजिटल फितीवर केवळ अंक उमटतात; ते वाचता आले तर स्वस्त आणि महाग फितीचे चित्र एकच. फरक पडतो तो गळतीत. फितीवरील धातूचा थर कोठे विरळ वा खरवडलेला असेल, तर तेथील अंक हरवतात. थोडे हरवले तर यंत्र ते भरून काढते. अधिक हरवले की चित्रात चौकोनी ठिगळे दिसतात व आवाज तुटतो.

६.३५ मिलिमीटरच्या या फितीवर नेहमीच्या गतीत एक पट्टा १० मायक्रॉन रुंद असतो. साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटे बसविण्याची 'एलपी' सोय वापरली की तो ६.७ मायक्रॉनवर येतो. अशी फीत दुसऱ्या कॅमेऱ्यात पुष्कळदा नीट वाचलीच जात नाही. काटकसर येथे महागात पडते! म्हणून एलपीच्या आणि वारंवार पुसून वापरलेल्या फिती सर्वांत आधी उतरवाव्यात. शक्य तर मूळ कॅमेऱ्यातूनच. चित्र एका जागी थांबवून ठेवू नये, कारण फिरते डोके त्याच जागी घासत राहते.

डहाणूची हवा समुद्राची, दमट. थंड खोलीतून काढलेली कॅसेट लगेच लावल्यास दंव धरून फीत डोक्याला चिकटते. तास-दोन तास थांबावे. ती पूर्ण गुंडाळून, डबीत, उभी ठेवावी. कडेची खिटी 'सेव्ह'कडे सरकवावी.

फायरवायरच्या तारेने संगणकावर घेतल्यास अंक जसेच्या तसे उतरतात. तासाभराच्या फितीला तासच लागतो व सुमारे १३ गीगाबाइट जागा. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. लेबलावर पाडा, गाणारीचे नाव आणि तारीख शाईने लिहावी. फितीतही तारीख असते, परंतु ती कॅमेऱ्याच्या घड्याळाची, आणि ते पुष्कळांनी कधी लावलेलेच नसते.