आधारस्तंभ कोणाला म्हणावे?



सत्कार असो की श्रद्धांजली, एक शब्द आपण हमखास वापरतो : ‘आधारस्तंभ’. आज या शब्दाचा अर्थ नीट पाहू या.

प्रत्येक स्तंभ हा आधारस्तंभ नसतो. विजयस्तंभ एकटा उभा असतो; त्याच्यावर छप्पर नसते. आधारस्तंभ, म्हणजे आपल्या बोलीतला खांब, दुसऱ्याचे वजन पेलतो. तो काढला की वरचे सारे खाली येते.

जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत या दोहोंसाठी वेगळे शब्द आहेत. याकोबाने बेथेल येथे आठवण म्हणून उभा केलेला दगड म्हणजे ‘मस्सेबा’ (उत्पत्ती २८:१८). शमशोनाने ढकलताच ज्यांच्यावरचे सारे घर कोसळले, ते खांब म्हणजे ‘अम्मूद’ (शास्ते १६:२९). मुलगा नसल्यामुळे आपले नाव राहावे म्हणून अबशालोमाने स्वतःचा स्तंभ उभारला (२ शमुवेल १८:१८). त्या स्तंभावर नाव होते, भार मात्र कोणाचाच नव्हता.

संत पौल याकोब, केफा आणि योहान यांना आधारस्तंभ मानले जात असल्याचे सांगतो (गलती २:९). या तिघांनी काय केले? पौल व बर्णबा यांच्या हाती सहभागितेचा हात दिला आणि एकच मागणे केले : गरिबांची आठवण ठेवा (गलती २:१०). ख्रिस्तसभेतील खांबाची ओळख ही अशी आहे.

आता आपल्याकडची जुनी मातीची घरे आठवा. छपराचा भार कड्यांवर, कड्यांचा तुळईवर, तुळईचा सागवानी खांबावर येतो. खांबाखाली दगडी उथळा असतो. त्यामुळे लाकडाला ओल व वाळवी लागत नाही आणि भार जमिनीत उतरतो. म्हणजे खांब भार घेतो, पण स्वतःजवळ ठेवत नाही. तो खाली पोहोचवतो. शिवाय सगळे घर एकाच खांबावर कोणी उभारत नाही.

हे विसरल्याची किंमत आपल्या यवतमाळ जिल्ह्याने मोजली आहे. कापूस हाती येत नाही, कर्ज वाढत जाते आणि घरचा कर्ता कोणाला काही सांगत नाही. ‘तुम्हीच आमचा आधार’ असे म्हणून आपण त्याला एकटे सोडतो. तो खचला, तर तोच भार त्याच्या पत्नीच्या खांद्यावर येतो. मग तिलाही आपण खंबीर म्हणतो आणि आपल्या वाटेने निघून जातो.

बंधू-भगिनींनो, कोणाला आधारस्तंभ म्हटले, तर त्याच्या शेजारी दुसरा खांब होऊन उभे राहणे हे आपले कर्तव्य आहे. एकमेकांची ओझी वाहा, असे संत पौल सांगतो (गलती ६:२). आणि ज्याच्यावर हा भार उतरवायचा, तो पाया येशू ख्रिस्त आहे (१ करिंथ ३:११). आपले ओझे बोलून दाखवणे हा कमकुवतपणा नव्हे. खांब पायावर टेकतो, म्हणूनच उभा राहतो.

या आठवड्यात मननासाठी :

१. आपल्या घरात सर्वांत जास्त भार कोण पेलतो? त्याला वा तिला आपण शेवटचे कधी विचारले?

२. आपल्या वस्तीत कोणते घर आज एकाच खांबावर उभे आहे? तेथे आपल्यापैकी कोण जाणार?

प्रभू आपणा सर्वांना बळ देवो.