🌿 हळद पावडर विक्री: गुगल जाहिरातीसाठी शब्द कसे निवडाल?

जाहिरातीत नुसता 'हळद' शब्द टाकू नका. 'हळद भाव', 'हळद लागवड' शोधणारे बहुतेक आपल्यासारखेच शेतकरी, गिऱ्हाईक नव्हेत. पण त्यांनी क्लिक केलं की पैसे आपलेच जातात.

1️⃣ गुगलवर 'हळद पावडर' लिहून थांबा. खाली येणाऱ्या सूचनांतून लोक काय शोधतात ते फुकटात कळतं.
2️⃣ 'घरगुती हळद पावडर', 'सांगली हळद पावडर' असे नेमके 4-5 शब्दच घ्या. दिवसाची खर्चमर्यादा ठरवा.
3️⃣ भाव, लागवड, बियाणे हे शब्द 'निगेटिव्ह कीवर्ड'मध्ये टाका. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही अक्षरांत.
4️⃣ दर आठवड्याला 'सर्च टर्म्स' बघा. खर्च होतोय पण ऑर्डर नाही, तो शब्द बंद करा.

काही अडलं तर फोन घेऊन कंपनीच्या ऑफिसला या, सोबत बसून करू. 🙏